‘येळवशीपासून’ म्हणजे किती दिवस?

बीदर-कलबुर्गीकडे जनरल मेडिसिनच्या महिला वॉर्डात फेब्रुवारीच्या सुमारास असा प्रसंग हमखास घडतो. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी पहिल्यांदाच खाटेजवळ उभा असतो. ॲप्रनची इस्त्री अजून मोडलेली नसते. एका खिशात टॉर्च, दुसऱ्यात नी हॅमर, गळ्यात स्टेथोस्कोप आणि वहीत आदल्या रात्री उतरवून घेतलेले प्रश्न. खाटेवर औरादकडची एक आजी. ‘खोकला किती दिवसांपासून?’ या पहिल्याच प्रश्नाला ती सांगते, ‘येळवशीपासून.’ वहीत दिवसांचा आकडा लिहायला जागा आहे, येळवशीला नाही. मुलगा मंगळूर-बंगळूरकडचा असेल तर ‘काही दिवस’ असं खरडून पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

आणि तिथेच निदान हातचं जातं. येळवस म्हणजे वेळा अमावास्या. बीदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिव या पट्ट्यात मार्गशीर्षातल्या अमावास्येला अख्खं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याच्या कोपीत पांडव मांडतात, भज्जी आणि आंबिलीवर ताव मारतात. इंग्रजी महिन्यांत ती डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येते. म्हणजे आजीचा खोकला महिना-दीड महिन्याचा झाला. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त खोकला असला की क्षयासाठी थुंकी तपासायची, हा नियम त्याच मुलाला तोंडपाठ असतो. नियम पाठ असून उपयोग झाला नाही, कारण उत्तर त्याच्या ओळखीच्या कॅलेंडरात बसलं नाही.

म्हणून बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांत वॉर्ड पोस्टिंगला निघणाऱ्याने स्टेथोस्कोपचा ब्रँड निवडण्याआधी एक स्वस्तातली गोष्ट करावी. वहीच्या शेवटच्या पानावर गावाकडचं वर्ष लिहून काढावं. येळवस, नागपंचमी, दसरा, तुरीची रास, उसाची तोड, गाणगापूरची जत्रा. उरूस लिहिताना एवढं लक्षात ठेवावं की त्याचा हिशोब हिजरी महिन्यांवर चालतो आणि तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. सीमाभागातलं माणूस आजाराचा दिवस तारखेने क्वचितच सांगतं. ‘रास झाली अन् पाय सुजले’ हे त्याच्या दृष्टीने अगदी नेमकं उत्तर असतं.

या भागात वैद्यकीय शिक्षण नवीन नाही. कलबुर्गीचं महादेवप्पा रामपुरे मेडिकल कॉलेज १९६३ पासून चालू आहे, तेव्हा शहराचं नाव गुलबर्गा होतं. बीदरची सरकारी वैद्यकीय संस्था २००७ साली आली, कलबुर्गीची २०१३ साली. ९८ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम ३७१-जे मुळे इथल्या कॉलेजांत ७० टक्के जागा याच भागातल्या मुलांना मिळतात, त्यामुळे भालकी, बसवकल्याण, आळंद, औराद इथल्या मराठी घरांतून डॉक्टर होणाऱ्यांची संख्या वाढली. पण उरलेल्या जागांवर लांबून आलेली मुलं असतात. शिवाय भालकीच्या मुलीला तरी सगळं कुठे समजतं? तिच्या एका खाटेवर मराठी बोलणारी आजी, शेजारी कन्नड बोलणारे शेतकरी, पलीकडे दखनी बोलणाऱ्या खाला आणि कोपऱ्यात तांड्यावरून आलेली, घरात गोरमाटी बोलणारी बाळंतीण. एका वॉर्डात चार भाषा आणि वर केसशीटची इंग्रजी.

२०१९ च्या नव्या अभ्यासक्रमाने पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला महिनाभराचा फाउंडेशन कोर्स आणला, त्यात स्थानिक भाषेचे तास असतात. बरीच मुलं हे तास मागच्या बाकावर झोपून काढतात आणि वर्षभराने वॉर्डात पस्तावतात. पूर्ण भाषा यायलाच हवी असं कोणी म्हणत नाही. मराठी मुलाने कन्नडचे पंधरा-वीस शब्द पक्के केले तरी पुष्कळ काम होतं. ‘एल्ली नोवु?’ म्हणजे कुठे दुखतं, ‘एष्टु दिनदिंद?’ म्हणजे किती दिवसांपासून. होट्टे म्हणजे पोट, एदे म्हणजे छाती, तले म्हणजे डोकं, केम्मु म्हणजे खोकला. ताप तर ‘ज्वर’च, तो फुकटात मिळतो. वाक्याच्या शेवटी एक ‘री’ लावला की आदरही पोहोचतो. ‘ऊट आयतेनरी?’, जेवण झालं का, एवढं विचारलं तरी खाटेवरचा माणूस उशीला टेकून नीट बसतो. दखनीत मराठी माणसाला फारशी अडचण पडू नये. तिथला ‘नक्को’ आपल्याकडूनच गेलेला आहे.

खरी फसगत होते ती आपल्याच भाषेत. घरी मराठी बोलणारा मुलगा ‘मला तर सगळं समजतं’ म्हणून बेसावध राहतो. ‘अंगावरून जातं’ म्हणजे पांढरं की लाल, हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नसतं. दोन्हींच्या वाटा वेगळ्या. ‘चक्कर येते’ म्हणजे सगळं भोवताली फिरतं, की डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना तोल जातो? ‘छातीत दुखूलालंय’ म्हणणारी बाई पुष्कळदा बोट पोटाच्या वरच्या टोकाला लावते. ‘वारं झालं’, ‘गोळा उठतो’, ‘जीव घाबरा होतो’, ‘अंगाला लागत नाही’ या शब्दांचं इंग्रजी लगेच करू नये. पेशंटचे शब्द जसेच्या तसे अवतरणात लिहावेत, मग ‘म्हणजे कसं?’ विचारावं आणि ‘हात लावून दाखवा’ म्हणावं. राउंडला सर हेच विचारतात आणि तिथे भाषांतराचा गोंधळ उघडा पडतो.

मग ऐकायचं. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकल या दोन अमेरिकन संशोधकांनी ७४ भेटींचं रेकॉर्डिंग ऐकून हिशोब मांडला: पेशंटने आपली तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडत होते. स्वित्झर्लंडमध्ये २००२ साली उलटं करून पाहिलं. डॉक्टरांना मध्ये बोलायचं नाही असं सांगितलं, तर पेशंट सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबले आणि चारांतले तीन जण दोन मिनिटांच्या आत. दोन मिनिटं म्हणजे किती, हे घड्याळ लावून एकदा गप्प बसल्याशिवाय कळत नाही. नव्या विद्यार्थ्याला ती फार लांब वाटतात. त्याला पुढचा प्रश्न विसरण्याची धास्ती असते. पण ओपीडीतल्या डॉक्टरकडे नसलेली एक गोष्ट या वयात त्याच्याकडे असते, ती म्हणजे वेळ. पीजी डॉक्टरला चाळीस खाटा बघायच्या असतात, त्याला एक. म्हणून नेमकी गोष्ट पुष्कळदा विद्यार्थ्यालाच सांगितली जाते. नवरा पुण्याला बांधकामावर असतो, गोळ्या महिन्यापूर्वीच संपल्या, कुणाला सांगू नको बाबा, पण मी गावातल्या बाबाचं पाणी पिते.

अशी गोष्ट हाती लागली की ती युनिटच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवायची. बाईला तसं सांगून, ‘हे मॅडमना सांगितलं तर औषध नीट देता येईल, सांगू का?’ असं विचारून. हॉस्टेलच्या ग्रुपवर नाही, आणि कुणाच्या नावानिशी तर कधीच नाही. वॉर्डात पेशंटचा फोटो काढू नये, हे वेगळं सांगावं लागतं ही खेदाची गोष्ट आहे, पण सांगावं लागतं.

ओळख करून देताना पुष्कळ जण गडबडतात. गावाकडचं माणूस पांढरा ॲप्रन दिसला की ‘डॉक्टरसाब’ म्हणतं, आणि वीस वर्षांच्या पोराला ते ऐकायला गोड लागतं. त्याने लगेच खुलासा करावा: ‘मी अजून शिकतोय, तुमची परवानगी असेल तर थोडं विचारतो.’ नाही म्हटलं तर हसून उठावं आणि ‘तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही’ हेही सांगावं, कारण सरकारी दवाखान्यात नाही म्हटलं तर उद्या खाट जाईल अशी भीती गरिबाच्या मनात असते. पाणथरी वाढलेला पेशंट वॉर्डात आहे ही बातमी पसरली की एका दुपारी त्याचं पोट दहा जण चाचपतात. अकराव्याने मागे फिरावं. पुस्तक आहे, उद्याची सकाळ आहे.

हात लावण्याची रीत पुस्तकात असते, तरी पहिल्या दिवशी निम्म्यांच्या हातून निसटते. पेशंटच्या उजव्या बाजूला उभं राहायचं. पडदा ओढायचा. तळहात एकमेकांवर चोळून गरम करायचे. जानेवारीत बीदरच्या थंडीत गार बोटं पोटावर ठेवली की स्नायू आखडतात आणि ‘पोट कडक आहे’ असा खोटा शोध लागतो. गुडघे मुडपून झोपवायचं. दुखणारी जागा शेवटी, आणि डोळे पोटावर नाही, चेहऱ्यावर. दुखलं की तोंडून शब्द निघण्याआधी भुवई सांगते. कन्नड बाईला ‘मुट्टि नोडला?’ म्हणजे हात लावून बघू का, एवढं आधी विचारावं. पुरुष विद्यार्थ्याने स्त्री पेशंट तपासताना सिस्टर किंवा वर्गमैत्रीण शेजारी असल्याशिवाय सुरुवात करू नये. हा नियम पेशंटच्या लाजेसाठी आहे तसा त्याच्या स्वतःच्या सुरक्षिततेसाठीही आहे.

लाज ही वैद्यकातली अडचणच असते असं नाही. १८१६ साली पॅरिसमध्ये रने लायनेक यांना एका तरुण स्त्रीच्या छातीवर थेट कान टेकवणं अवघड वाटलं, म्हणून त्यांनी कागदाची सुरळी करून तिचं एक टोक छातीवर आणि दुसरं कानाला लावलं. आवाज उलट स्पष्ट आला आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. बोटांनी ठोकून बघण्याची पद्धत लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ साली मांडली. खाणावळ चालवणाऱ्या घरातल्या या माणसाला दारूची पिंपं वाजवून आतली पातळी ओळखणं लहानपणापासून ठाऊक होतं. घागर वाजवून पाणी किती उरलं ते सांगणाऱ्या आईच्या मुलाला ही कला परकी वाटू नये. हॉस्टेलच्या भिंतीवर, टेबलावर, स्वतःच्या मांडीवर आधी ठोकून बघावं. पोकळ आणि भरीव यांतला फरक बोटाला एकदा कळला की मग छातीत पाणी झालेला पेशंट शोधावा.

आणि सगळ्यात आधी नुसतं बघावं. सावळ्या, उन्हात रापलेल्या त्वचेवर रक्ताची कमी चेहऱ्यावरून कळत नाही. खालची पापणी ओढून आतला रंग, जीभ, तळहाताच्या रेषा आणि नखं बघावी लागतात. पान, मिश्री किंवा तंबाखूने रंगलेल्या तोंडात जिभेवर विसंबू नये. व्यसनाबद्दल विचारतानाही शब्द जपून वापरावेत. ‘तंबाखू खाता का?’ असं पोलिसी विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. ‘दिवसाला किती पुड्या लागतात?’ म्हटलं की खरा आकडा कळतो. शेतकऱ्याला ‘फवारणी केली होती का, कधी, तोंडाला काही बांधलं होतं का?’ हे विचारायला विसरू नये; डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेला, लाळ गळणारा, घामाने भिजलेला माणूस कॅज्युअल्टीत आला की हाच प्रश्न सगळ्यात आधी लागतो.

आता थोडं स्वतःच्या जिवाचं. भारतातला कोरोनाचा पहिला मृत्यू २०२० च्या मार्चमध्ये कलबुर्गीतल्या एका वृद्ध रुग्णाचा होता, आणि त्यांना घरी जाऊन तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नंतर लागण झाली. हे लांबच्या कुठल्या शहरात घडलेलं नाही, याच रस्त्यांवर घडलं. पोस्टिंग सुरू होण्याआधी हिपॅटायटिस-बी लशीचे तीन डोस, पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, पुरे झालेले असावेत. दोन पेशंटांच्या मध्ये प्रत्येक वेळी हात धुवावेत. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ साली सेमेलवाइस यांनी हात धुवायला लावले ते विद्यार्थ्यांनाच, शवविच्छेदनाच्या खोलीतून थेट बाळंतिणींकडे येणाऱ्यांना. थुंकी तपासणीचा निकाल यायचा असलेल्या पेशंटजवळ एन-९५ मास्क घालावा.

सुईला झाकण परत लावू नये. ती तशीच, टोपणाविना, न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यात जाते. सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, रक्ताळलेला कापूस पिवळ्या. टोचलीच तर बोट पिळू नये, तोंडात घालू नये, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावं आणि लगेच, त्याच क्षणी, सिस्टर किंवा सिनिअरना सांगावं. एचआयव्हीग्रस्ताच्या सुईने संसर्ग होण्याचा धोका साधारण हजारात तीन असतो आणि वेळेवर गोळ्या सुरू केल्या की तो आणखी कमी होतो. त्या शक्यतो दोन तासांत आणि काही झालं तरी ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, मग २८ दिवस घ्याव्या लागतात. ओरडा बसेल म्हणून रात्रभर गप्प बसणारे विद्यार्थी असतात. हे तास त्या गप्प बसण्यातच वाया जातात.

सिस्टरचं नाव इथे दोनदा आलं ते उगाच नाही. वॉर्डात पहिल्या दिवशी नमस्कार कुणाला करावा असा प्रश्न पडला तर सिस्टरना करावा. कुठला पेशंट आज बोलायच्या मनःस्थितीत नाही, कुणाची मुलगी रात्रभर रडली, कुठल्या खाटेवरच्या माणसाला उपाशी ठेवलंय, हे केसशीटमध्ये नसतं, त्यांना माहीत असतं.

चक्कर येते. पेशंटला नाही, विद्यार्थ्याला. जळलेल्या पायाचं ड्रेसिंग, पहिलं बाळंतपण, पहिलं ऑपरेशन; रात्रीचं जागरण, रिकामं पोट आणि ताठ उभं राहणं. नाष्टा करून जावं, गुडघे आवळून उभं राहू नये, कानात गुणगुण आणि डोळ्यांपुढे ठिपके दिसू लागले की ‘मॅडम, बसतो’ म्हणून खाली बसावं. बसलेल्याला कोणी हसत नाही. ट्रॉलीवर कोसळलेल्याला टाके पडतात.

मृत्यूची तयारी मात्र नाष्ट्याने होत नाही. ज्या आजीने काल ‘जेवलीस का गं?’ विचारलं, तिची खाट सकाळी रिकामी दिसते, नवी चादर अंथरलेली असते आणि राउंड पुढच्या खाटेकडे सरकलेला असतो. नातेवाईक बाहेर व्हरांड्यात. विद्यार्थ्याने त्यांना कारण समजावून सांगायला जाऊ नये, ते काम त्याचं नाही आणि चुकीचा एक शब्द पुढे वर्षानुवर्षं त्या घरात फिरत राहतो. पण तोंड चुकवून पळूही नये. दोन मिनिटं शेजारी उभं राहावं, पाण्याची बाटली आणून द्यावी. तसंच ‘मी बरी होईन ना?’ या प्रश्नाचं. ‘होणार की, काही झालं नाही’ हे सोपं उत्तर खोटं ठरू शकतं. ‘मी अजून शिकतेय, मोठ्या डॉक्टरांना विचारते आणि तुम्हाला येऊन सांगते’, असं म्हणावं आणि खरंच येऊन सांगावं. संध्याकाळी मन जड झालं तर इंटर्नशी, सरांशी, घरी बोलावं. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास मिळते आणि ती डॉक्टरांसाठीही आहे.

पावसाळ्यात कॅज्युअल्टीची पोस्टिंग मिळाली तर नव्या मुलाच्या हातात एखादं अगदी खरं काम येतं. सर्पदंशाचा पेशंट आलेला असतो; कर्नाटकाने २०२४ साली सर्पदंश नोंदणी बंधनकारक केलेल्या आजारांत घातला, त्यामुळे त्याची नोंदही ठेवायची असते. पापण्या मिटायला लागल्या तर नाग किंवा मण्यार, रक्त गोठत नसेल तर घोणस किंवा फुरसं, असा मोठा अंदाज. रक्त गोठतंय का हे बघायला यंत्र लागत नाही. कोरडी, स्वच्छ काचेची नळी. साबणाने धुतलेली चालत नाही, प्लॅस्टिकची तर नाहीच. इंटर्न शिरेतून दोन मिलिलिटर रक्त घेऊन त्यात सोडतो आणि म्हणतो, ‘वीस मिनिटं, हलवायची नाही, तुझ्याकडे बघ.’

मग विद्यार्थी नळी स्टँडमध्ये उभी करतो, शेजारी वेळ लिहितो. पेशंटचा भाऊ विचारतो, ‘काय व्हलालंय साहेब?’ तो सांगतो, ‘मी साहेब नाही, रक्त गोठतंय का बघतोय, घड्याळ बघा तुम्हीही.’ मध्ये कोणी स्टँडला धक्का लावू नये म्हणून तो पुढे उभा राहतो. विसाव्या मिनिटाला तो नळी एकदाच, हळू, आडवी करतो. लाल थर तळाशी घट्ट चिकटून राहिला तर पुढच्या तपासणीची वेळ लिहायची, कारण ती परत परत करावी लागते. पाण्यासारखा वाहिला तर नळी हातात तशीच धरून इंटर्नकडे धावायचं.